इंजिनाचा सेन्सर : आधी मोजा, मग बदला

व्यापारी माणसाची गाडी एक दिवस उभी राहिली म्हणजे नुसता दुरुस्तीचा खर्च होत नाही. त्या दिवसाचा माल पोहोचत नाही, गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाकडे वळते आणि हमालाची मजुरी अंगावर पडते. म्हणून गाडीचा किरकोळ बिघाड ओळखता येणे ही आज मालकाचीही गरज झाली आहे.

आमच्या परिचयाच्या एका कापड व्यापाऱ्यांची पेट्रोलवर चालणारी छोटी मालवाहू व्हॅन आहे. गेल्या हिवाळ्यात ती त्रास देऊ लागली. गरम इंजिन बंद करून पुन्हा सुरू करताना चार-पाच वेळा सेल्फ मारावा लागे, मागून काळा धूर निघे आणि अॅव्हरेज फार उतरले होते. डॅशबोर्डवरील पिवळी चेक लाइट कधी पेटे, कधी विझे. एका गॅरेजमध्ये प्लग बदलले, फरक पडला नाही. मग पेट्रोल पंप बदलला, तरीही नाही. तिसऱ्या खेपेस इंजेक्टर बदलण्याचा सल्ला मिळाला, तेव्हा ते गाडी घेऊन मोहल्ल्यातील एका वयस्क उस्तादांकडे गेले. उस्तादांनी पाना हाती घेण्याआधी मल्टीमीटर काढला. दहा-पंधरा मिनिटांत दोष सापडला. इंजिनाच्या पाण्याचे तापमान सांगणारा, बोटभर लांबीचा सेन्सर खोटे सांगत होता. "शेठ, पार्ट बदलायला दहा मिनिटं पुरतात. काय बदलायचं ते शोधायचीच खरी मजुरी," असे ते म्हणाले.

हा सेन्सर कसे काम करतो, तो खराब झाला हे कसे ओळखावे आणि घरातील साध्या हत्यारांनी तो कसा बदलावा, हे आम्ही या लेखात सांगत आहोत.

सेन्सर करतो काय?

कार्ब्युरेटरच्या गाडीत थंडीच्या सकाळी आपण चोक ओढत असू. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागते, ते चोकमुळे मिळे. इंजिन तापले की चोक आत ढकलावा लागे. आजच्या गाडीत हे काम ईसीएम, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, करतो. इंजिन थंड आहे की गरम, हे त्याला कूलंट टेंपरेचर सेन्सर सांगतो. तीच बातमी पाहून रेडिएटरचा पंखा केव्हा फिरवायचा, हेही बहुतेक गाड्यांत ईसीएम ठरवतो.

सेन्सरची रचना साधी आहे. पितळी नळीच्या टोकाला थर्मिस्टर नावाचा एक दाणा बसवलेला असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युत रोध कमी होतो, तापमान उतरले की रोध वाढतो. ईसीएम त्याला ५ व्होल्टचा पुरवठा देतो आणि किती व्होल्ट उरले त्यावरून तापमानाचा हिशेब करतो. दोन वायर, एक दाणा, एवढाच त्याचा पसारा.

परंतु हा लहान बातमीदार चुकला की सगळे गणित चुकते. इंजिन तापलेले असूनही तो 'थंड आहे' असे सांगत राहिला, तर ईसीएम जास्तीचे पेट्रोल देत राहतो. प्लग काळे पडतात, धूर येतो आणि ते न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तापवून खराब करते. कन्व्हर्टरची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट असते. उलट, थंड इंजिन 'गरम आहे' असे त्याने सांगितले तर सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही. वायर पूर्ण तुटली तर ईसीएमला उणे ४० अंशांसारखे अशक्य तापमान दिसते. मग तो चेक लाइट पेटवतो, मनाने एक तापमान धरून गाडी चालवतो आणि पुष्कळ गाड्यांत रेडिएटरचा पंखा सतत फिरत ठेवतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सेन्सर पूर्ण मेला तर लाइट पेटते. पण तो अर्धवट खोटे सांगत असेल आणि ते खोटे शक्य कोटीतले असेल, तर लाइट पेटेलच असे नाही. म्हणून लाइट विझलेली आहे, एवढ्यावरून सेन्सर निर्दोष ठरत नाही.

कोड म्हणजे निकाल नव्हे

स्कॅनर लावला तर या बिघाडात बहुधा पी ०११७ किंवा पी ०११८ हा कोड दिसतो. पहिल्याचा अर्थ सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज फार कमी, दुसऱ्याचा अर्थ फार जास्त. नीट वाचावे : कोड 'सर्किट' म्हणतो, 'सेन्सर बदला' असे म्हणत नाही. सर्किटमध्ये सेन्सर आला, कपलर आला, वायर आली आणि ईसीएमही आला. उंदराने कुरतडलेली वायर किंवा गंजलेली पिन हाच कोड देते. स्कॅनर तक्रार नोंदवून घेतो, चौकशी आपल्यालाच करावी लागते.

लागणारी हत्यारे

यासाठी खास हत्यारांची जरुरी नाही. एक साधा डिजिटल मल्टीमीटर हवा. तो काही शे रुपयांत मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि इतर शहरांत इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात तो सापडेल. त्याखेरीज पाने (अशा सेन्सरला पुष्कळदा १९ नंबरचा पाना लागतो, बॅटरीच्या टर्मिनलला १० नंबरचा), पक्कड, पेचकस, जुने फडके, एक पसरट भांडे, बारीक पॉलिश पेपर आणि कंपनीने सांगितलेले कूलंट. जुन्या रंगाच्या डब्यात कूलंट गोळा करावे, स्वयंपाकाचे भांडे कदापि वापरू नये. कारण पुढे येईलच.

पहिली तपासणी : गाडीवरच

हे काम फजरच्या नमाजनंतर करणे उत्तम. रात्रभर उभी राहून गाडी पूर्ण थंड झालेली असते आणि डोक्यावर ऊनही नसते.

सेन्सर बहुधा सिलिंडर हेडजवळ, थर्मोस्टॅटच्या घरापाशी, रेडिएटरचा जाड वरचा पाइप इंजिनाला जोडलेला असतो त्या जागी सापडतो. काही गाड्यांत एअर फिल्टरचा पाइप बाजूला केल्यावर तो दिसतो. काही गाड्यांत असे दोन सेन्सर असतात : एका वायरचा डॅशबोर्डवरील काट्यासाठी आणि दोन वायरचा ईसीएमसाठी. आपल्याला दोन वायरचा हवा. चुकीचा बदलला तर पैसे गेले आणि दोष तसाच राहिला.

चावी बंद ठेवून कपलरची खिटी दाबून तो काढावा. वायर धरून ओढू नये. आधी डोळ्यांनी पाहावे. पिनवर हिरवट-पांढरा गंज आहे का? आत कूलंट झिरपले आहे का? पिन वाकली आहे का? कित्येकदा दोष येथेच संपतो. पिन हलक्या हाताने साफ करून कपलर पुन्हा बसवला की गाडी रस्त्यावर येते.

आता मल्टीमीटर ओहमवर ठेवून सेन्सरच्या दोन पिनांना दोन टोके लावावीत आणि आकडा लिहून ठेवावा. नंतर कपलर लावून गाडी दहा मिनिटे चालू ठेवावी, बंद करावी आणि पुन्हा मोजावे. गरम इंजिनाला हात लागणार नाही याची काळजी घ्यावी. पुष्कळ पेट्रोल गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या सेन्सरचे आकडे साधारण असे असतात :

० अंश : सुमारे ५ ते ६.५ किलो-ओहम
२० अंश : सुमारे २.२ ते २.७ किलो-ओहम
४० अंश : सुमारे १.१ किलो-ओहम
६० अंश : सुमारे ०.६ किलो-ओहम
८० अंश : सुमारे ०.३ किलो-ओहम
१०० अंश : सुमारे ०.२ किलो-ओहम

सर्व कंपन्यांचे आकडे एकच नसतात. आपल्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधील आकडा शेवटचा मानावा. पण चाल सर्वत्र हीच : थंडीत रोध मोठा, गरमीत लहान, आणि २० अंशांवरून ८० अंशांपर्यंत जाताना तो साधारण आठपटीने घटतो. थंड आणि गरम अशा दोन्ही वेळी आकडा तोच राहिला, मीटरवर काहीच उमटले नाही, किंवा शून्य आले, तर सेन्सर गेला असे समजावे. वर सांगितलेल्या व्हॅनमध्ये इंजिन पूर्ण तापल्यावरही सुमारे ९०० ओहम येत होते. म्हणजे ईसीएमच्या दृष्टीने ते इंजिन ४५-५० अंशांच्या पुढे कधी गेलेच नव्हते!

दुसरी तपासणी : वायरची

सेन्सरचा आकडा बरोबर आला, तर संशय वायरवर घ्यावा. कपलर काढलेला ठेवून चावी ऑन करावी, गाडी सुरू करू नये. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून कपलरच्या दोन टोकांमध्ये मोजावे. सुमारे ५ व्होल्ट आले तर वायर व पुरवठा ठीक आहे. काहीच आले नाही तर वायर तुटली आहे, अर्थिंग गेले आहे किंवा ईसीएमकडे दोष आहे. अशा वेळी नवा सेन्सर आणून उपयोग नाही, गाडी जाणत्या वायरमनकडे न्यावी.

सावधान : कपलर काढून चावी ऑन करताच रेडिएटरचा पंखा एकाएकी फिरू शकतो. हात, ओढणी, बाही, दाढी आणि मुले पंख्यापासून दूर ठेवावीत.

बदलण्याची पद्धत

१) इंजिन पूर्ण थंड असावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडले तर दाबाखालचे उकळते पाणी तोंडावर उडते. असे भाजलेले कारागीर आम्ही पाहिले आहेत. या बाबतीत घाई अजिबात नको.

२) बॅटरीचा उणे टर्मिनल काढावा. रेडिएटरचे झाकण उघडून दाब मोकळा करावा आणि पुन्हा बसवावे. झाकण बंद असले की सेन्सर काढताना कूलंट कमी सांडते.

३) खाली पसरट भांडे ठेवावे. सेन्सरभोवतीची माती फडक्याने पुसावी, नाहीतर ती इंजिनात जाते.

४) पाना नीट बसवून सेन्सर सैल करावा. अडून बसला तर झटका देऊ नये, गंज सोडवणारे तेल टाकून अर्धा तास थांबावे. हेड अॅल्युमिनियमचे असेल तर आटे मऊ असतात, ते गेले की काम हजारांत जाते. काही नव्या गाड्यांत सेन्सर आट्यांचा नसून क्लिप आणि ओ-रिंगचा असतो, तेथे पाना लागत नाही.

५) नवा सेन्सर हाताशी तयार ठेवावा. जुना निघताच बोटाने भोक बंद करावे आणि लगेच नवा लावावा. असे केल्यास कपभर कूलंटच सांडते.

६) वॉशर किंवा ओ-रिंग नेहमी नवी घ्यावी. वॉशर असलेल्या सेन्सरला टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. पहिले आटे हातानेच फिरवावेत. हाताने सहज फिरत नसेल तर तो तिरका बसतो आहे. शेवटी पान्याने बेताचे आवळावे. पान्याला पाइप लावून जोर करू नये.

७) कपलर 'टक्' आवाज येईपर्यंत दाबावा, बॅटरी जोडावी आणि जेवढे सांडले तेवढेच आणि त्याच प्रकारचे कूलंट भरावे. नळाचे पाणी भरू नये, त्यातील क्षार आत साचतात.

८) गाडी सुरू करून पंखा एकदा चालू होऊन बंद होईपर्यंत उभी ठेवावी आणि गळती पाहावी. गाडी पुन्हा पूर्ण थंड झाल्यावर कूलंटची पातळी तपासावी. आत हवा राहिली असेल तर पातळी उतरलेली दिसेल.

जुना सेन्सर फेकण्याआधी एक प्रयोग करावा. बर्फ घातलेले पाणी ० अंशांचे आणि उकळते पाणी सुमारे १०० अंशांचे असते, म्हणजे थर्मामीटरशिवाय दोन मापे हाती आली. सेन्सरचे फक्त पितळी टोक आधी बर्फाच्या आणि नंतर गरम पाण्यात धरून आकडे घ्यावेत. दोष कोठे होता याची खात्री पटते. दुरुस्ती शिकणाऱ्या मुलांसाठी यासारखा धडा नाही.

दोष गेला असेल तर चेक लाइट बहुधा तीन निर्दोष फेऱ्यांनंतर आपोआप विझते. न विझल्यास कोठेतरी अजून दोष आहे.

सांडलेल्या कूलंटविषयी : त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि पोटात गेल्यास घातक विष आहे. अंगणातील मूल, मांजर किंवा बकरी ते चाटेल, म्हणून लगेच पुसून धुवावे. गोळा केलेले कूलंट झाकणाच्या डब्यात ठेवावे, गटारात ओतू नये.

काय घरी करू नये

डिझेलच्या कॉमन रेल इंजिनात इंधनाचा दाब हजार बारच्या पुढे जातो. त्या रेलवरील सेन्सर घरी उघडू नये, ती बारीक धार कातडीतून आत शिरते. सीएनजीच्या पाइपला व त्यावरील सेन्सरला हात लावू नये. विजेच्या व हायब्रिड गाड्यांतील नारिंगी वायर म्हणजे जिवाला धोका. गाडी वॉरंटीत असेल तर काम कंपनीच्या वर्कशॉपमध्येच करून घ्यावे.

कारागीर बंधूंसाठी दोन शब्द

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ गाड्यांचे नियम लागू झाले आणि दुचाकीतही कार्ब्युरेटरची जागा बहुतांशी इंजेक्शनने घेतली. म्हणजे स्कूटरवर फेरी मारणारा विक्रेताही आज सेन्सरवर अवलंबून आहे. आपल्या समाजातील हजारो हात गॅरेजच्या धंद्यात आहेत. कानाने इंजिनाचा दोष ओळखणारे उस्ताद आपल्याकडे आहेत. त्या कानाला मल्टीमीटरची जोड मिळाली नाही, तर ही कमाई हळूहळू दुसऱ्यांकडे जाईल.

दुसरी गोष्ट इमानाची आहे. अंदाजाने एकामागून एक पार्ट बदलायचे आणि प्रत्येक पार्टचे पैसे गिऱ्हाइकाकडून घ्यायचे, यास आपण सहज 'ट्राय करून पाहू' म्हणतो. पण तो प्रयोग होतो गिऱ्हाइकाच्या खिशावर. याहून वाईट म्हणजे लाइट विझवण्यासाठी डॅशबोर्डचा बल्ब काढणे, किंवा सेन्सरच्या जागी बाजारातला रेझिस्टर जोडून ईसीएमला कायमची फसवी बातमी देणे, आणि मग ती गाडी 'एकदम ओके' म्हणून विकणे.

सहीह मुस्लिममध्ये नोंदलेला प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओलावा लागला. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर प्रेषितांनी (स.) त्याला ओले धान्य वर, लोकांना दिसेल असे का ठेवले नाहीस, हे विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे स्पष्ट केले. धान्य भिजणे हा त्याचा गुन्हा नव्हता, भिजलेले खाली दडवणे हा होता. सेन्सर खराब होणे हा कोणाचाच गुन्हा नाही. पेटलेली लाइट म्हणजे ढिगाच्या वर आलेले ओले धान्य होय. ती विझवणे म्हणजे ते पुन्हा खाली दडवणे. सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये माप-तोलात खोट करणाऱ्यांना इशारा आहे. आज मापे ओहमची आणि व्होल्टची असली तरी हिशेब तोच आहे.

मात्र जबाबदारी एकट्या कारागिराची नाही. आपण व्यापारी तपासणीचे पैसे देताना कुरकुरतो. "काही बदललं नाही, मग पैसे कसले?" असे विचारतो. यामुळेच कारागिराला मजुरी काढण्यासाठी नको तो पार्ट बदलावा लागतो. शोधण्याचे ज्ञान ही मेहनत आहे आणि तिचे मोल हलाल आहे. उस्तादांनी तपासणीची मजुरी आधीच मोकळेपणाने सांगावी, मोजलेले आकडे बिलावर लिहावेत आणि काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. गिऱ्हाइकानेही ती मजुरी आनंदाने द्यावी.

आमच्या त्या कापड व्यापाऱ्यांनी हेच केले. सेन्सर काही शे रुपयांचा होता. उस्तादांनी तपासणीचे वेगळे पैसे सांगितले, ते त्यांनी घासाघीस न करता दिले. आज त्यांच्या गल्ल्यात मल्टीमीटर आहे आणि धाकट्या मुलाने आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकलच्या शाखेत नाव घातले आहे. विजेच्या गाड्या वाढत आहेत, पेट्रोलचे इंजिन उद्या राहील न राहील. पण त्या गाडीच्या बॅटरीचे तापमानही असाच एक थर्मिस्टर सांगतो. ज्याला मोजता येते त्याचा धंदा इन्शाअल्लाह उद्याही बंद पडणार नाही.